नैऋत्येचा चौथरा

“आधी बुडबुडा घालव गं. नळीत हवा ऱ्हायली की पाणी खोटं बोलतंय.”

गुंडेरावाला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण लेव्हलची नळी हातात घेतली की नवऱ्याचा हा आवाज तुंगाच्या कानाशी यायचाच. तिने नळीला नखाने टिचक्या मारल्या. आत अडकलेला वाटाण्याएवढा बुडबुडा सरकत सरकत वर आला आणि फुटला. नळीचं एक टोक तिने तळ्याच्या काठाला सुतळीने बांधलं होतं. दुसरं घेऊन ती पंधरा पावलांवर ठोकलेल्या खुंटीशी उकिडवी बसली, आणि पाणी जिथे थांबलं तिथे खुंटीवर खडूने रेघ ओढली.

ही रेघ म्हणजे सगळं काम. बाकी नुसते पाइप.

मिलिंद आणि कांचन पुण्याहून म्हैसूरला येऊन चार वर्षं झाली होती. दोघं कॉम्प्युटरच्या कंपनीत. गोकुलममध्ये बंगला घेतला. शेजारच्या बंगल्यात योग शिकायला आलेले परदेशी लोक उतरत, त्यांच्या बागेत माशांचं तळं होतं, म्हणून यांच्याही बागेत तळं आलं. काजूच्या आकाराचं, काळ्या दगडाचं, काठावर बसायला बाक. पाणी स्वच्छ कसं राहणार, हा विचार मात्र तळं बांधून झाल्यावर सुचला, आणि तेव्हा लष्कर मोहल्ल्यातल्या तुंगाला निरोप आला.

असं काम गुंडेरावाच्या हाताखाली तिने चार वेळा केलं होतं. तळ्याच्या तळाशी मध्यभागी निचऱ्याचं भोक. तिथून जमिनीखालून चार इंची पाइप. पाइप जाऊन मिळतो एका चेंबरला, आणि त्या चेंबरचा काठ तळ्याच्या काठाबरोबर, वर नाही की खाली नाही. मग दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं. चेंबरच्या शेवटच्या खणात एक लहानसा पंप स्वच्छ पाणी उचलून तळ्यात टाकतो. तो जेवढं उचलतो तेवढं तळ्याच्या बुडातून आपोआप येतं, हळूहळू, माशांची घाण न मोडता सोबत घेऊन. घाण पहिल्या खणात बसते, उरलीसुरली जाळीत अडकते, पंपाला तिचं तोंडही दिसत नाही. पाण्याला ढकलायचं नाही, नुसती वाट करून द्यायची. सगळा खेळ त्या खडूच्या रेघेचा.

मिलिंद हातातला फोन छातीसमोर धरून बागेत आला. फोनमध्ये पुण्याचे वास्तुवाले गुरुजी होते. त्यांना तो आंब्याचं झाड, तळं, खुंटी आणि तुंगा, सगळं एकाच नजरेने दाखवत होता.

“मावशी, चेंबर इथे नाही करायचं. ही ईशान्य आहे. ईशान्येला घाण साठवतात का कोणी? तिकडे नैऋत्येला घ्या, गेटच्या बाजूला.”

“घेऊया की सार. पाइप स्वल्प लांब जाईल, अष्टे, एवढंच.”

“आणि नैऋत्य उंच लागते. गुरुजी म्हणतात दोन फुटांचा चौथरा करा, त्यावर चेंबर.”

तुंगा उठून उभी राहिली. “चौथरा बेडा सार, नको. चेंबर तळ्याच्या बरोबर पाहिजे. दोन फूट वर पाणी चढत न्हाई.”

“अहो, पाइप बंद असतो. प्रेशर येतं. मी इंजिनिअर आहे.”

“कशाचे सार?”

“कॉम्प्युटर.”

“हां,” तुंगा म्हणाली.

व्हरांड्यात झोपाळ्यावर बसून कांचन कुणाशी तरी बोलत होती. “अगं लेडी प्लंबर मिळालीय आम्हाला. साडीवर शर्ट घालून येते, सो क्यूट. आणि मराठी आहे म्हणे. म्हणजे, ती म्हणते मराठी. पाणी चढत न्हाई बेडा सार…” आणि ती हसली. वाईट हसली नाही. मांजराच्या पिल्लाकडे बघून हसतात तशी हसली, आणि तेच तुंगाला लागलं.

तिच्या घराण्याला म्हैसूरच्या फौजेत चाकरी करून किती पिढ्या झाल्या, ते सांगायला घरात एक गंजलेली तलवार होती आणि ही भाषा होती. तलवार कधीच मोडीत गेली. भाषा चूल, नळ, बाजार करत इथवर टिकली होती, कन्नडशी संसार करून, पण टिकली होती. आणि ही परवा विमानातून उतरलेली बाई तिला सर्टिफिकेट देणार.

“ठीक आहे, पाणी चढत नसेल तर चढवू,” मिलिंद म्हणाला. “तळ्यातच एक मोठा पंप टाका, तो वर ढकलेल. एवढं काय त्यात?”

तुंगाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तळ्यात पंप टाकला की घाण आधी पंपातून जाते, पंप तिचं मिक्सरसारखं वाटण करतो, आणि वाटलेली घाण कुठल्याही जाळीत सापडत नाही. गुंडेराव असता तर त्याने हे तीनदा सांगितलं असतं, चौथ्यांदा भांडला असता आणि पाचव्यांदा सामान उचलून चालता झाला असता. तुंगाने झोपाळ्याकडे पाहिलं, फोनमधल्या गुरुजींकडे पाहिलं, आणि वाक्य गिळलं.

“आयतु सार. तुम्ही म्हणता तसं.”

आणि तीही हसली.

पुढचे सहा दिवस तिने जे काम केलं तसं देखणं काम वर्षभरात केलं नव्हतं. प्रत्येक पाइपचं टोक कानशीने घासलं, फडक्याने पुसलं, सॉल्व्हंट लावून जोड दाबून धरला आणि तीसपर्यंत मोजलं. वळणाला काटकोनी एल्बो न घालता सगळीकडे लांब बेंड घातले. गवंड्याने चौथरा बांधला, त्यावर तिने तीन खणांचं चेंबर असं ओळंब्यात बसवलं की कुठे केसाचा फरक नाही. उष्ट्या पानाभोवती कुणी मन लावून रांगोळी काढावी, तसं ते काम होतं. येता-जाता मिलिंद म्हणायचा, “वा मावशी, परफेक्ट,” आणि तुंगा मनात म्हणायची, बघ आता, इंजिनिअर.

या सहा दिवसांत आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असायचा. मिलिंदचे वडील, वासुदेवराव. मांडीवर पाट, पाटावर कागदाच्या पट्ट्या, हातात बॉलपेन. दिवसभर लिहीत बसायचे. पहिले दोन दिवस तुंगाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रिकामटेकड्या घरातला आणखी एक रिकामटेकडा, एवढीच तिची समजूत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

“नाव काय गं तुझं?”

“तुंगा.”

“नदीचं. छान. आम्ही कृष्णाकाठचे, वाईचे. बस जरा, पाणी पी.”

ती बसली नाही, पण पाणी प्यायली. पट्ट्यांवर बारीक अक्षरात एकच शब्द होता, श्रीराम. एका पट्टीवर एकदा.

“आमच्या हिचा संकल्प होता,” वासुदेवराव म्हणाले. “रामनामाच्या सव्वा लाख गोळ्या माशांना घालायच्या. एक चिठ्ठी, तिच्याभोवती कणकेची गोळी. रोज एकशेआठ. वाईच्या घाटावर जाऊन घालायची. माशांनी खाल्ल्यावर मग घरी येऊन आपण जेवायचं. पुरा व्हायच्या आत गेली ती. मी पुढे चालवलं, मग गुडघे गेले आणि मिलिंद इकडे घेऊन आला. साठ दिवसांचं राहिलंय. हे तळं झालं की घरातल्या घरात होईल.”

“मुलानं तळं तुमच्यासाठीच केलं काय?”

“तसं तो लोकांना सांगतो,” म्हातारा शांतपणे म्हणाला, आणि तुंगाला पहिल्यांदा त्या घरातलं कुणी तरी आवडलं.

मग त्यांनी विचारलं, “एक सांग. कणकेच्या गोळ्या टाकल्या तर पाणी नासणार नाही ना? तू जाणकार आहेस म्हणून विचारतो.”

तिने चौथऱ्याकडे पाहिलं. खडूच्या रेघेवर चेंबर असतं, तर माशांनी टाकलेली कणीक बुडातून अलगद निघून गेली असती. आता मात्र ती पंपात जाणार आणि तिचं दूध होणार. रोज एकशेआठ गोळ्यांचं. हे तिला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. पण तेवढ्यात व्हरांड्यातून कांचनचा आवाज आला, “मावशी, बाबांशी गप्पा नंतर मारा हं, आज पाइप संपवायचेत,” आणि तुंगाच्या तोंडून शब्द गेले.

“चालतील अज्जा. सुम्ने उगा काळजी कशाला?”

तळ्याची पूजा झाली. बंगळुरूहून बारा मासे आले, केशरी-पांढरे, हातभर लांबीचे. कांचनने त्यांना नावं ठेवली, झेन, मोची, कर्मा वगैरे. पाहुणे आले, फोटो निघाले. मिलिंदने सगळ्यांना चौथरा दाखवून सांगितलं की डिझाइन त्याचं स्वतःचं आहे.

पंचविसाव्या दिवशी त्याचा फोन आला. “तुमचं काम फेल गेलंय. ताबडतोब या.”

तुंगा गेली. जाताना तिला चक्क मजा वाटत होती. काय बोलायचं ते रिक्षात बसल्या बसल्या तिने दोनदा मनात घोळवलं. पण गेटातून आत शिरल्यावर आधी वास आला, आणि मग तळं दिसलं. पाणी आंबलेल्या ताकासारखं, वर पिवळट साय. चौथऱ्यावरचं चेंबर काठोकाठ त्याच ताकाने भरलेलं. काठाला पोत्यावर ओळीने मासे ठेवले होते. शेवटचे दोन त्या सकाळी गेले होते. बारापैकी एकही उरला नव्हता. केशरी रंग जागच्या जागी होता, म्हणून ते जास्त वाईट दिसत होतं.

“बघा,” मिलिंद म्हणाला. “तीन लेयरचं फिल्टर, आणि हे पाणी.”

“बाबांना किती वेळा सांगितलं गोळ्या टाकू नका,” कांचन नाकाला रुमाल लावून म्हणाली. “बिचारी मोची.”

“गोळ्यांनी न्हाई झालं मॅडम. पंपानं झालं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं की, चौथरा बेडा म्हणून.”

“एकदा सांगितलंत,” मिलिंद म्हणाला. “एकदाच. मला वाटलं तुम्ही उगाच काहीतरी म्हणताय. एवढी खात्री होती तर परत का नाही सांगितलं? आणि पंप टाकू म्हटल्यावर तर तुम्ही हसलात.”

त्या माणसाला पाण्यातलं काही कळत नव्हतं, माणसातलं तर नव्हतंच. पण हे त्याला आठवत होतं. तुंगाला रिक्षात घोळवलेलं एकही वाक्य आठवेना.

“चौथरा फोडू सार,” ती म्हणाली. “चेंबर खाली घेऊ, पंप शेवटी लावू. चार दिवसांत पाण्यात तोंड दिसेल. मजुरी नको मला.”

मिलिंदने गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी मासे बघितले, तळं बघितलं, डोळे मिटले आणि उघडले. अभिनंदन, म्हणाले. घरावर मोठं संकट येणार होतं, ते माशांनी अंगावर घेतलं. बाराच्या बारा गेले म्हणजे संकट पूर्ण टळलं. आता पुन्हा पाणी ठेवायचं नाही. तळं बुजवा, पांढरे गोटे टाका, मध्ये दगडी दिवा ठेवा.

मिलिंदचा चेहरा उजळला. त्याची चूक कुणाचीच राहिली नव्हती; उलट तिचं पुण्य झालं होतं. “मावशी, मग पाइप काढून घ्या. गोट्यांवर एक स्पॉटलाइट छान दिसेल ना गं?” तो कांचनला म्हणाला, आणि दोघं गोट्यांचे फोटो बघत आत गेले. आत देवघरात समई होती, ती विजेवर चालायची.

वासुदेवराव आंब्याखाली होते. मांडीवर पाट नव्हता. त्यांच्या खुर्चीशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि स्टुलावर अर्धं सोललेलं केळं.

“जेवला न्हाई अज्जा?”

“मासे जेवले की जेवतो. चार दिवस दूध-केळ्यावर आहे. बरं असतं पोटाला.”

तुंगा त्यांच्या पायाशी गवतावर बसली. “अज्जा, तुम्ही मला विचारलं होतं, गोळ्या चालतील काय म्हणून. मी चालतील म्हटलं. चालणार न्हाईत हे मला ठाऊक होतं.”

आंब्यावरून एक खार उतरली, स्टुलापाशी आली, केळ्याकडे बघून परत गेली.

“का गं असं केलंस?”

“तुमच्या मुलाचा राग आला होता. म्हटलं, फजिती होऊ दे त्याची.”

“राग मलाही येतो त्याचा,” वासुदेवराव म्हणाले. “पण त्याची फजिती होत नाही. त्याची तशी रचनाच नाही.” ते हसले नाहीत. “मासे गेले मात्र.”

तिला वाटलं, त्यांनी चार शब्द जास्त बोलावेत. पोत्यावरच्या ओळीकडे पाहवेना म्हणून तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सॉल्व्हंटने बोटांची साल निघाली होती. या हातांनी आयुष्यात एकही जोड गळका सोडला नव्हता, आणि तिला त्याचा केवढा तोरा होता.

“किती दिवसांचं राहिलं?” तिने विचारलं.

“चाळीस. चिठ्ठ्या लिहून झाल्यात सगळ्या.” त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत दोऱ्याने बांधलेल्या पुड्या होत्या. “मिलिंदला म्हटलं, कावेरीवर नेऊन सोडत जा मला. तो म्हणाला, बाबा, हे ऑनलाइन होतं. पैसे भरले की काशीला कुणीतरी घालतं आणि व्हिडिओ पाठवतं.”

“मग?”

“मग काय. त्याच्या आईला व्हिडिओ दाखवू का मी?”

तुंगा म्हणाली, “मी घातल्या तर चालतील?” आणि लगेच जीभ चावली. तोच शब्द पुन्हा तोंडातून गेला होता.

वासुदेवरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. गवंडी माल हातात घेऊन पारखतो तसं पाहिलं. “संकल्प तिचा होता. हात माझे लागले. आता पाय तुझे लागतील. पण चाळीस दिवस म्हणजे चाळीस. पाऊस आहे, काम आहे, बस नाही, हे मला सांगायचं नाही.”

“न्हाई सांगणार.”

“कणीक तू मळ. मीठ घालू नकोस. घालून झालं की मला फोन कर. तोवर मी थांबेन.”

तो डबा तिने काढलेले पाइप न्यायला आणलेल्या गाडीत ठेवला नाही, मांडीवर घेऊन लष्कर मोहल्ल्यात आणला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिने परात काढली. हाताला सॉल्व्हंटचा वास होता. शिकेकाईने धुतला, चिंचेने धुतला, तरी नखांत राहिलाच होता, तेव्हा आणखी एकदा धुतला. मग कणीक मळली, बिनमिठाची, सैल नाही, घट्ट नाही. पहिली पुडी सोडली. अक्षर कापरं होतं, पण एकाही चिठ्ठीवर खाडाखोड नव्हती. एक चिठ्ठी, एक गोळी. साठ झाल्या तेव्हा फोन वाजला. चामराजपुरमची सुष्मा होती, तिच्या न्हाणीघरातला नळ रात्रीपासून गळत होता.

“तुंगक्का, सातला येशील ना? पाणी फुकट जातंय गं.”

“सातला न्हाई अक्का. दहाच्या पुढं येते. मेन कॉक बंद करून ठेव.”

“दहा? तू तर सूर्याच्या आधी येणारी. बरं न्हाई काय?”

“बरी हाय. चाळीस दिवस दहाच्या पुढंच. दुसरं कोण मिळालं तर करून घे, मी रागावणार न्हाई.”

पलीकडे सुष्मा काहीतरी पुटपुटली आणि फोन ठेवला. एक गिऱ्हाईक गेलं असेल, किंवा नसेल. तुंगाने उरलेल्या अठ्ठेचाळीस गोळ्या वळल्या, ताटात मांडून पुन्हा मोजल्या आणि स्टीलच्या डब्यात भरल्या. कामाची पिशवी खुंटीवरून उतरवली. आतला पाना, करवत, टेप, सॉल्व्हंटचा डबा, सगळं एकेक करून जमिनीवर काढलं. पिशवी झटकून उलटी केली, ओल्या फडक्याने आतून पुसली, आणि मग तिच्यात तो डबा ठेवला.

श्रीरंगपट्टणची पहिली बस सहाला होती. तिथून नदीपर्यंत पायी. गोकुलममध्ये एक माणूस उपाशी बसून फोनची वाट बघत असेल, एवढं तिने मनाशी धरलं, दार ओढून घेतलं, आणि पिशवी हिंदकळणार नाही अशा बेताने गल्लीतून चालायला लागली.